बिऱ्हाडाबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा

आपल्या पिंपरी-चिंचवडला आज कारखान्यांचे गाव म्हणतात. परंतु ऐंशी वर्षांमागे येथे कारखाने नव्हते. चिंचवडला मोरया गोसावींचे देऊळ होते, देहूरोडला लष्कराचे डेपो होते, भोसरी, मोशी, चिखली ही शेतकऱ्यांची गावे होती आणि मधे सगळा माळ होता. पिंपरीत पहिली मोठी वस्ती झाली ती परगावच्या माणसांची. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून निघालेली कुटुंबे येथल्या छावणीत आणून ठेवण्यात आली. लग्नाचा बस्ता बांधावयास आपण ज्या पिंपरी कॅम्पात जातो, त्याच्या नावातला 'कॅम्प' हा त्या निर्वासितांच्या छावणीचा आहे. पुढे १९५४ साली पेनिसिलिन तयार करणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी येथे स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आकुर्डीला स्कूटर तयार होऊ लागल्या, टेल्कोचा कारखाना आला, आणि माळावर धुराडी उभी राहिली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९८१ च्या शिरगणतीत अडीच लाख माणसे होती, ती २०११ मध्ये सव्वासतरा लाख झाली. इतकी माणसे काही येथेच जन्मली नाहीत. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ, आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, बंगाल इथून ती आली.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वहीतली आडनावे आणि माहेरची गावे पाहिली तर त्यात अस्सल भोसरी-मोशीच्या किती निघतील? हळदीकुंकवाला आपण जमतो तेव्हा एकीच्या भाकरीला जाडी असते, दुसरीच्या आमटीला वेगळा मसाला असतो. म्हणून 'बाहेरची मुले आपल्या शाळेत गर्दी करतात' असे वाक्य परवा सभेत कानावर आले, तेव्हा मला वाटले की यावर थोडे लिहावे. मी सातवीपर्यंत शिकले आहे. मोठ्या लेखकांसारखे मला लिहिता येणार नाही. तथापि हा विषय मी थोडा जगले आहे, आणि जो जगले नाही तो विचारून, वाचून घेतला आहे.

पहिली गोष्ट ही की परगावची माणसे दोन प्रकारची असतात. एक, जी येतात आणि राहतात. दुसरी, जी येतात आणि पुन्हा जातात. पहिल्या प्रकारच्या माणसाला कारखान्यात कायमची नोकरी लागली, खोली मिळाली, की पुढच्या जूनमध्ये त्याचे मूल शाळेत गेले. मोठ्या कंपन्यांच्या वसाहतींत शाळाही निघाल्या. परंतु त्या वसाहतींच्या भिंती ज्यांनी बांधल्या, त्यांचे काय? ती माणसे एक इमारत झाली की दुसऱ्या इमारतीकडे जात. सामान दोन बोचक्यांचे, चूल तीन दगडांची. त्यांच्या मुलांचे नाव कोणत्या पटावर घालावयाचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि खरे बोलायचे तर कोणी विचारतही नव्हते.

मूल दूर आणि शाळा दूर, ही अडचण महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वी पुण्यात शिकावयास आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथली मुले माधुकरी मागत. म्हणजे मुलाचे शिक्षण शेजारच्या बायांच्या चुलीवर होत होते, हे इतिहासाच्या पुस्तकात ठळक अक्षरांत कधी छापले जात नाही. परंतु वार बहुधा आपल्या जातीच्या घरीच लागत असे, बाकीच्यांना तो दरवाजा बंद होता. कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसविली. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. हे आपण शाळेत धड्यात शिकलो. मी जेव्हा जेव्हा तो धडा आठवते तेव्हा मला त्या माऊलीच्या रोजच्या पिठाच्या डब्याची काळजी वाटते. इतक्या मुलांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे काय, हे पुरुष लेखकाला कसे कळावे!

वसतिगृहाने पुष्कळ मुले तारली. पण वसतिगृह मोठ्या मुलाचे. पाच-सहा वर्षांचे पोर आई कोठे ठेवील? आणि ज्या घरात धाकटे भावंड सांभाळायला मोठ्या मुलीवाचून कोणी नाही, ती मुलगी कशी सुटेल? या प्रश्नाला निराळे उत्तर प्रथम दोन बायांनी दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे) बोर्डी येथे १९४५ साली त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे वारली लोकांची वस्ती. मुले गुरे राखावयास जात. शाळेत कोण येणार? तेव्हा शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली गोट्या, पाने, बिया मोजत आहेत. तिला कुरणशाळा म्हणत. लहान मुलांसाठी पाड्यावर कोणाच्या तरी अंगणात वर्ग भरवला, ती अंगणवाडी. १९७५ पासून सरकारने देशभर ज्या अंगणवाड्या काढल्या, त्यांचे नाव तेथून आले. मुलाला आधी आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे आणि मग अक्षर, हा त्यांचा क्रम होता. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे हा विचार आज सगळे बोलतात. तो करून दाखवला तेव्हा त्यांना हसणारेही होते.

१९६९ साली गांधीजींची जन्मशताब्दी होती. दिल्लीला राजघाटाजवळ प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तेथे मजूर बायांची तान्ही मुले उन्हात, खडीच्या ढिगाजवळ पडलेली मीरा महादेवन या बाईंनी पाहिली. त्यांनी तेथेच एक तंबू ठोकून पाळणाघर सुरू केले. त्यातून मोबाईल क्रेशेस, म्हणजे फिरती पाळणाघरे, ही संस्था निघाली. बांधकाम हलले की पाळणाघर हलावयाचे. पुढे मुंबईत आणि ऐंशीच्या दशकात पुण्यातही हे काम आले. तान्ह्यांचा पाळणा, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांना शाळेची तयारी, असे तिन्ही एका छपराखाली. यातली खुबी आईलाच कळेल. धाकट्याला पाळणा मिळाला की थोरलीचे हात मोकळे होतात. मुलीच्या शिक्षणाचे कुलूप पुष्कळदा पाळण्याला लावलेले असते.

मुंबईत कुलाब्याच्या वस्तीत १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी डोअर स्टेप स्कूल सुरू केले. दाराशी आलेली शाळा, असाच त्याचा अर्थ. तेही पुढे पुण्यात आले. बांधकामावर एखाद्या खोलीत वर्ग, जेथे खोली नाही तेथे जुन्या बसमध्ये फळा लावून वर्ग. आपल्या बाजूला चिखली, मोशी, वाकड, ताथवडे या भागांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे टॉवर उठले, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांची वस्ती असते हे आपण रोज पाहतो. त्या पत्र्यांमागे असे वर्ग भरतात हे पुष्कळ जणींना माहीत नसते.

याच सुमारास, नव्वदच्या दशकात, वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भट्टीवरचा मजूर विटा आणि गवत यांची जी तात्पुरती झोपडी उभी करतो तिला भोंगा म्हणतात. शाळाही भोंग्यातच. आपल्या पुण्याजवळ वाघोलीला दगडखाणी आहेत. तेथे १९९७ साली संतुलन संस्थेने, ॲडव्होकेट बी. एम. रेगे आणि पल्लवी रेगे यांनी, खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा सुरू केल्या. भोंगाशाळा, पाषाणशाळा, कुरणशाळा, साखरशाळा. नावे कशी बोलकी आहेत पाहा. ज्या कामावर आईबाप, त्या कामाचे नाव शाळेला.

साखरशाळेचे मात्र मला थोडे सावकाश सांगायचे आहे, कारण माझे माहेर बीड जिल्ह्यातले. आमच्याकडे दसरा झाला की गाव रिकामे होते. मुकादमाने उन्हाळ्यातच उचल दिलेली असते. ती फेडायला नवराबायकोच्या जोडीला कारखान्याच्या फडात जावे लागते. या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद कोयत्यावर. पहाटे तीनला उठायचे, बापाने ऊस तोडायचा, आईने मोळ्या बांधायच्या, डोक्यावर गाडीपर्यंत न्यायच्या. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. हे दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे सुरू होऊन होळी-पाडव्यापर्यंत, कधी त्याहून पुढे चालते. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलात संपते. म्हणजे ऊसतोड्याच्या मुलाला पहिली सहामाही मिळते आणि दुसरी मिळत नाही. गणितात वजाबाकीपर्यंत वर्गात असलेले मूल परत येते ते थेट परीक्षेच्या तोंडावर, तोपर्यंत बाकीचे भागाकार करीत असतात. असे तीन वर्षे झाले की ते मूल स्वतःच शाळेला जायला लाजते.

माझी आजी गावी राहत असे म्हणून मी सातवीपर्यंत गेले. पुढे आजीला हिंडता फिरता येईना, धाकटा भाऊ दोन वर्षांचा, आणि आठवीची शाळा शेजारच्या गावी. त्या दसऱ्याला मीही टोळीबरोबर गेले. कोपीत भाऊ सांभाळणे, पाणी आणणे आणि दुपारची भाकरी फडात नेणे हे माझे काम. कारखान्याच्या आवारात गव्हाण होती, वजनकाटा होता, बैलांच्या औषधपाण्याची सोय होती. मुलांना बसायला कोठे काही नव्हते. कोणी दुष्टपणाने नव्हते ठेवले असे नाही. मुले आली आहेत हेच कोणाच्या हिशेबात नव्हते. हिशेब कोयत्यांचा होता.

२००१-०२ च्या सुमारास औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जनार्थ या संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरविण्यास सुरुवात केली, आणि पुढे आणखी संस्था, कारखाने व सर्व शिक्षा अभियान यांच्या मदतीने त्या पुष्कळ ठिकाणी निघाल्या. बांबू आणि पत्र्याचे छप्पर, त्याच भागातले शिकलेले तरुण मुलगे-मुली शिक्षक. गावची पहिली सहामाही आणि फडावरची दुसरी सहामाही जोडली गेली, तर मुलाचे वर्ष पूर्ण होते, इतका साधा तो हिशेब. माझ्या मामेबहिणीची मुले अशा शाळेत दोन हंगाम बसली. ती सांगते की मुली कडेवर भावंड घेऊनच वर्गात येत आणि बाई त्यांना परत पाठवीत नसत. मला वाटते त्या शाळेचे मोठेपण यातच होते.

याला दुसराही एक उपाय निघाला, तो म्हणजे हंगामी वसतिगृह. यात मुलाने फडावर जावयाचेच नाही. आईबाप गेले तरी मुलाने गावीच, आपल्याच शाळेत राहावे आणि जेवणाखाणाचा खर्च सरकारने द्यावा. शाळेची व्यवस्थापन समिती हे काम पाहते. कित्येक गावी मुले दोन वेळा एकत्र जेवतात आणि रात्री आजीकडे, चुलतीकडे झोपतात. काही जाणकार म्हणतात की साखरशाळेपेक्षा हेच बरे, मुलाचे मूळ हलत नाही. माझे मत विचाराल तर, ज्या घरी आजी आहे तेथे वसतिगृह बरे, आणि जेथे नाही तेथे आई मूल बरोबर नेणारच. सहा महिने सात वर्षांच्या मुलीला परक्या ओसरीवर ठेवणे कोणत्याही आईला जड जाते, आणि त्यात तिचे चुकते असे मी म्हणणार नाही. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती तालुक्याच्या ठिकाणची, मोठ्या मुलामुलींची. शिकू इच्छिणाऱ्या मुलींना तिचा मोठा आधार होऊ शकतो.

आता कायद्याकडे येते. २००९ साली देशात मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत जागा मिळणे हा त्याचा हक्क झाला. या कायद्यातल्या चार गोष्टी फिरत्या मुलांच्या कामाच्या आहेत. मूल कधी शाळेत गेले नसेल तरी त्याला वयाला शोभेल त्या वर्गात घ्यावयाचे आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढावयाचा. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवावयाचा नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही अडवावयाचा नाही. आणि चौथी गोष्ट, जी नवव्या कलमात एका ओळीत आहे आणि म्हणूनच पुष्कळांच्या नजरेतून सुटते: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे त्या त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थेचे काम आहे. म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेचे, चाकणकडच्या खेड्यांत जिल्हा परिषदेचे. मुलाने दार शोधावयाचे नसून दाराने मूल शोधावयाचे, असे कायदा म्हणतो.

पण याच कायद्याने एक विचित्र गोष्टही घडली. प्रत्येक मूल नेहमीच्या, मान्यता असलेल्या शाळेतच गेले पाहिजे असे ठरल्यावर साखरशाळा, भोंगाशाळा या तात्पुरत्या शाळांना जागा उरली नाही. अनेक ठिकाणी त्या बंद झाल्या. त्यामागे तत्त्व चांगले होते. गरिबाच्या मुलाला पत्र्याखालची अर्धीमुर्धी शाळा आणि बाकीच्यांना पक्की शाळा, असा भेद का असावा? बरोबर आहे. परंतु पक्की शाळा भट्टीपासून तीन किलोमीटर, मधे महामार्ग, आणि मूल सहा वर्षांचे. पाळण्याचे पोर कडेवर घेऊन त्या शाळेत बसू देतील का? कागदावर मूल शाळेत गेले आणि प्रत्यक्षात कोपीत राहिले, असे व्हायला लागले. डोअर स्टेपसारख्या संस्थांनी यातून वाट काढली ती अशी की बांधकामावर वर्ग चालवायचाच, पण त्याचबरोबर मुलांना जवळच्या महापालिकेच्या शाळेत नाव घालून, गाडीने पोचवायचे आणि परत आणायचे. शाळेत जाण्याचे भाडे हा शिक्षणाच्या खर्चातला मोठा भाग आहे हे फी माफ करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत. त्या दिवशी जी मुले सापडली त्याहून खरी संख्या पुष्कळ जास्त आहे असे या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितले. आणि तसे असणारच. पावसाळ्यात ऊसतोडीची मुले गावी असतात, भट्ट्या बंद असतात. जुलैत मोजल्यावर फिरते मूल कसे सापडावे? ती मोजणी पौष-माघात करावयास हवी होती. घरातला तांदूळ मोजावयाचा तर डबा भरल्या दिवशी मोजून चालत नाही.

त्यानंतर एक चांगला कागद निघाला, शिक्षण हमी पत्रक. मूल गाव सोडून जाताना त्याच्या शाळेने हे पत्रक द्यावयाचे. त्यात मुलाची इयत्ता आणि त्याला काय येते हे लिहिलेले असते. ज्या गावी ते जाईल तेथल्या शाळेने ते पाहून त्याला त्याच वर्गात बसवून घ्यावयाचे, आणि परत जाताना पुन्हा नोंद करून द्यावयाची. २०१७ पासून शिक्षकांमध्येच बालरक्षक नेमण्यात आले. ज्या शिक्षकाला मनापासून वाटते तो आपल्या भागातली अशी मुले शोधून शाळेत आणतो. मुलांची नोंद 'सरल' या संगणकावरच्या पटावरही असते.

यात आपणच मागे आहोत किंवा आपणच पुढे आहोत असे कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही शेतांवर पीक काढत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरणारे मजूर आहेत. त्यांच्या मुलांसाठी तेथल्या केंद्र सरकारने १९६६ साली खास कार्यक्रम सुरू केला. मुलाने कोणती लस घेतली, तो कोणत्या इयत्तेत होता, ही माहिती एका शहरातल्या मोठ्या यंत्रात साठवून नव्या शाळेला कळविण्याची सोय त्यांनी केली होती. म्हणजे आपले हमी पत्रकच, फक्त विजेवर चालणारे. आणि आपल्या देशात केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ पासून 'रोशनी' नावाचा प्रयोग झाला. तेथे बंगाल, ओरिसा, बिहारमधल्या मजुरांची मुले मलयाळम शाळेत येतात. त्यांच्याशी सुरुवातीला त्यांच्या भाषेत बोलून हळूहळू मलयाळमकडे वळवणाऱ्या शिक्षिका नेमल्या.

हा भाषेचा प्रश्न चाकणकडे रोज पुढे येतो. चाकण म्हणजे आपल्या पिढीला कांद्याचा बाजार, आणि धड्यातला फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला किल्ला. आता तेथे मोटारींचे कारखाने आहेत. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांत गावकऱ्यांनी खोल्या बांधल्या आहेत आणि त्या खोल्यांत निम्मा हिंदुस्थान राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी चालते. महापालिकेकडे मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, पण हिंदीच्या थोड्या, आणि प्रत्येकीच्या जवळ नाहीत. मी पाहिले आहे की खेळायला सवंगडी मिळाले तर मूल सहा महिन्यांत मराठी उचलते, आणि आईला बाजारात तेच दुभाष्या म्हणून नेते. अडचण पहिल्या सहा महिन्यांची. तेवढ्या दिवसांत वर्गातल्या बाईंनी 'इकडे ये' ऐवजी 'इधर आओ' म्हटले तर मराठीचे काही बिघडत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काय झाले ते आपण खिडकीतून पाहिलेच. नाशिक रस्त्याने माणसे चालत निघाली होती. शाळा बंद, पुढे शिकवणे मोबाईलवर, आणि ज्या घरात मोबाईल एकच तो बापाच्या खिशात. जी कुटुंबे परत आली ती वर्ष-दीड वर्षाने, आणि तिसरीतले मूल पाचवीत बसले. वयाप्रमाणे वर्ग हा कायदा चांगला, परंतु मागचे भरून काढण्याची जी दुसरी अर्धी बाजू आहे ती शिक्षकाच्या उसंतीवर अवलंबून. उसंत किती असते ते त्यांनाच विचारावे. पट भरणे, आधार जोडणे, निवडणुकीचे काम, आणि मग फळा.

आपल्या मंडळाने गेल्या जूनमध्ये जे थोडेसे केले ते आता सांगते. आमच्या गल्लीपलीकडच्या बांधकामावरची अकरा मुले शाळेत घालायची होती. आम्ही चौघी आयांबरोबर गेलो. एका शाळेत दाखला आणि आधारकार्ड मागितले आणि 'नंतर या' म्हणाले. आम्ही कायद्यातली कलमे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेली होती. भांडण न करता तो कागद टेबलावर ठेवला. थोडी चर्चा झाली, आणि अकराही नावे लागली. मग कळले की खरे काम पुढेच आहे. रस्ता ओलांडून नेण्याची पाळी आम्ही वाटून घेतली, कोणी सोमवार, कोणी मंगळवार. मला तेव्हा पूर्वीचे वार आठवले. पुढे पावसात तीन दिवस पाळी चुकली आणि तीन दिवस मुले घरी राहिली. सभेत यावर बोलणे झाले, आता पाळीला दोन-दोन जणी आहेत.

दिवाळीनंतर त्यातल्या दोन कुटुंबांचे काम संपले आणि ती चाकणच्या बाजूला गेली. मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की महापालिका संपते आणि जिल्हा परिषद सुरू होते. पाण्याला ते ठाऊक नाही, पण कागदाला ठाऊक असते. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गशिक्षिकांकडून तिन्ही मुलांची पत्रके भरून घेतली, आयांच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घालून दिली आणि कोणाला दाखवायची ते समजावले. आठ दिवसांनी फोन केला तर दोन मुले तिकडच्या शाळेत बसू लागली होती. तिसरी, सर्वांत थोरली, घरी होती. तिच्या आईला नव्या जागी कामावर पाळणाघर नाही आणि धाकटा अकरा महिन्यांचा आहे. त्या गावातल्या अंगणवाडी सेविकेचा पत्ता मिळाला आहे. येत्या गुरुवारी आम्ही दोघी बसने तिकडे जाऊन येणार आहोत. आणखी कोणाला यावयाचे असेल तर सकाळी नऊला भोसरीच्या बसथांब्यावर यावे. डबा बरोबर आणावा.